सारवणावरची रेघ

आमच्या घरात आता सगळीकडे शहाबादी फरशी आहे. मुलांनी ती बसवली तेव्हा मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. फरशीवर पाऊल उमटत नाही, एवढंच त्याचं कारण. हे कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ज्या दिवसांचं सांगतो तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. दुसरबीडपासून कोसभरावर आमचं खेडं. मी अठ्ठावीस-एकोणतीसचा, दुसरबीडला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. मिक्श्चर करायचं, पुड्या बांधायच्या, काचेच्या सिरिंजा उकळायच्या आणि हात बसल्यावर इंजेक्शनं द्यायची. आमच्या भागात तेव्हा सुईवर लोकांची देवाइतकीच श्रद्धा. गोळी पुढे केली की माणूस तोंड वाकडं करायचा. "गोळीनं काय होते? सुई द्या ना, साहेब." सुईनं वाईटही होऊ शकतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. माझी चूक त्या श्रद्धेच्या आडोशाला लपून राहिली.

घरात आई, मी, माझी बायको, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. वडील आधीच गेले होते. धाकट्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मुलगी लोणारची. धाकट्या भावाच्या बायकोला आमच्याकडे भावसून म्हणतात आणि तिचा मी भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यासमोर भावसून येत नाही. आलीच तर पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. त्यानं तिला शिवायचं नाही, तिनं त्याच्याशी बोलायचं नाही. मला काही सांगायचं असलं तर ती आईला सांगायची, "आत्याबाई, त्यायले म्हना, पानी तापलं." आई शेतात गेलेली असली तरी वाक्य आईलाच उद्देशून असायचं आणि मी ते भिंतीकडून ऐकून उठायचो. वर्षभरात मी तिचा चेहरा पाहिला नव्हता. ओळखायचो ते आवाजावरून आणि पावलांवरून. चालणं झपझप, जोडव्यांचा आवाज करत.

भादव्यात ती तापानं पडली. खोकला, बरगडीत कळ. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, पेनिसिलिनची रोज एक सुई, सात दिवस. पहिल्या दोन दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दिल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "अहो, तुम्ही घरचेच. चिखलातून रोज बैलगाडीनं कशाला हाडं खिळखिळी करता तिची? घरीच द्या." डॉक्टर बाहेरगावचे. भासऱ्याचं प्रकरण त्यांना सांगायला मला लाज वाटली. सुशिक्षित माणसासमोर आपण अडाणी दिसू, ही ती लाज. हो म्हणालो.

माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरी येऊन आईला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तू टोचशीन? भासरा असून?"

"मग रोज गाडी जुंपायची का?"

आईनं थोडा विचार केला. मग पेटीतून वडिलांचं जुनं धोतर काढलं, चौघडी केली आणि विळीवर धरून मधोमध पुरीएवढं भोक पाडलं. "हे अंथरतो तिच्यावर. भोकात पाहाय अन् टोच. दुसरीकडं नजर गेली तं याद राख." आपल्या युक्तीवर ती खूश होती. मलाही ती युक्ती तेव्हा बरी वाटली, हे कबूल केलं पाहिजे.

इंजेक्शन कुठं द्यायचं याचा नियम मला पाठ होता. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात उशीवर शाईनं फुली काढून शिकवलं होतं. कुल्ल्याचे चार भाग करायचे आणि फक्त वरच्या, बाहेरच्या भागात टोचायचं. "बाकी ठिकाणी मोठी नस आहे. करंगळीएवढी जाड. कमरेतून निघते ती टाचेपर्यंत जाते. आधी हातानं हाड चाचपा, मग टोचा."

चाचपणार कसं? दोन दिवस अंदाजानं निभावलं. पाचव्या सुईच्या दिवशी ती खोकून खोकून कुशीवर वाकडी झाली होती. आईनं धोतर टाकलं, भोक नीट केलं. मला दिसली नुसती कातडी. खिडकीच्या गजांतून आकाशाचा तुकडा दिसावा आणि पूर्व कोणती ते कळू नये, तसं.

"वर सरकव थोडं," मी म्हणालो.

"वर काय पाह्यचं हाय तुले? टोच गुमान."

मी टोचलं. ती ओरडली. नेहमीचं "आई गं" नव्हे. गाईला डाग देताना गाय हंबरते तसं. त्यानंतरच्या घडीभरात काय झालं ते मी पुढे सांगतो. तेवढं सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे, पण हात एकदम तिकडे जात नाही.

दोन दिवसांत ताप उतरला. ती उठली आणि उजवं पाऊल उठलं नाही. टाच टेकायची, पण पुढचा पंजा ओल्या फडक्यासारखा लोंबायचा. उंबरा ओलांडताना अंगठा अडकून ती पडली. आई म्हणाली, अशक्तपणा. शेजारीण म्हणाली, वारं गेलं. मी ओसरीवर बसून होतो. घरात एकट्या मला माहीत होतं की हे वारं कुठून गेलं.

पंधरा दिवसांनी धाकट्यानं धोशा धरला, "दादा, तू डॉक्टरीतला, कोठं तरी दाखव ना." मेहकरमार्गे एस.टी.नं आम्ही तिघं अकोल्याला गेलो. नसांच्या दुखण्यांतलं जाणणारे एक वयस्क डॉक्टर होते. त्यांनी टाचणीनं तिचा पाय तपासला, मग त्या दोघांना बाहेर बसवलं आणि मला आत थांबवलं.

"तुम्ही धंद्यातले, म्हणून सांगतो. सुई नसेत गेलीय. कुणी दिली?"

"कंपाउंडरनं," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. पण त्या एका शब्दाचं ओझं मी इतकी वर्षं वाहिलं.

"सांगा त्याला, पेशंट असा ओरडला की हात थांबवायचा. सुई मागं घ्यायची. औषध बाहेर राहिलं तर नस वाचते."

मी मान हलवली.

नस तुटलेली नाही, दुखावली आहे, असं त्यांचं मत पडलं. दुखावलेल्या जागेपासून खालचा भाग आधी कुजत जातो आणि मग वरून नवा कोंब फुटून खाली यायला लागतो. पण फार सावकाश. "चार दिवसांत ज्वारीच्या एका दाण्याएवढा समजा. कमरेपासून पावलापर्यंत किती दाणे लागतील ते तुम्हीच बघा. वर्ष, दीड वर्ष. तोवर पाऊल काटकोनात बांधून ठेवा, रोज हातानं हलवा, नाही तर सांधा आखडेल आणि नस येऊनही उपयोग नाही."

मग त्यांनी चिठ्ठीवर काही जीवनसत्त्वं लिहिली. त्यात ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सुल्या होत्या. त्या कशाला, असं मी विचारलं. म्हातारा माणूस, शिकवायची हौस असावी. म्हणाले, "घरी तेल उघडं राहिलं तर काय होतं?"

"खवट होतं."

"का? हवेतला प्राणवायू लागतो म्हणून. नसेभोवती चरबीचं वेष्टण असतं. मार लागला की तिथंही तसंच काही होतं, आतल्या आत. नस जळते, पण धूर दिसत नाही. हे जीवनसत्त्व मध्ये पडतं आणि आधी स्वतः जळतं. अँटिऑक्सिडंट म्हणतात त्याला." मग चष्मा काढून म्हणाले, "माणसाच्या नसेला यानं गुण येतोच असं मी छातीठोकपणे सांगत नाही. त्यावर एकमत नाही. पण अपाय नाही. द्या."

तो शब्द मी चिठ्ठीमागे देवनागरीत लिहून घेतला. बाहेर आलो तर धाकटा उभा राहिला. "काय म्हनले?"

"तापानं नस अशक्त झाली म्हणे. वेळ लागेल."

बाकावर ती पदर ओढून बसलेली. पदर हलला नाही.

त्या दिवसापासून मला एक वेड लागलं. तिच्या पायात काहीतरी जळतंय आणि ते मीच पेटवलंय, हे डोक्यातून जाईना. कॅप्सुल्यांची बाटली मी आईच्या हाती द्यायचो, घट्ट बूच लावून, अंधाऱ्या फडताळात ठेवायला सांगून. घरातलं तेल आठ दिवसांच्या वर टिकू द्यायचो नाही. घाण्यावरून ताजं करडीचं तेल आणायचो, बरणी हुंगायचो, जरा वास आला की ते दिव्याला. आवळे आणले, मोड आलेली मटकी रोज करायला लावली. आई वैतागली. "तुले काय पोटुशी बाईसारके डोहाळे लागले बे? तेल हुंगून राह्यला दिवसभर!" शेजारणीला म्हणायची, "माया लेक डॉक्टर व्हता व्हता तेली झाला." सगळे हसायचे. मीही हसायचो.

सुतारानं रात्री पावलाला बांधायला लाकडी पाटी करून दिली. पाऊल हलवायचं काम धाकट्यानं घेतलं. दिवसा, दार लोटून. तरी आईला कळायचंच. "बायकोचे पाय चेपून राह्यला वाटते, राजा?" असं ती अंगणातून मोठ्यानं विचारायची. धाकट्यानं मात्र सोडलं नाही. एकदा दारातून बाहेर येत म्हणाला, "हाव, चेपून राह्यलो. तुयेही चेपू का?" एवढी हिंमत माझ्यात नव्हती. तो तिचं पाऊल हातात घ्यायचा. मला ते बघायचीही सोय नव्हती.

मग ते सुधारतंय की नाही, हे मला कळायचं कसं? एक वाट सापडली. आमच्या घराची जमीन शेणानं सारवलेली. आई दर दोन-चार दिवसांनी सकाळी ओसरी सारवायची आणि सारवण ओलं असतानाच भावसून त्यावरून घागर घेऊन जायची. तिला घाई असायची, वाळेपर्यंत थांबायची नाही. डावं पाऊल स्वच्छ उमटायचं. उजव्या पावलाच्या पुढे एक रेघ असायची, अंगठा फरफटल्याची. वीतभर लांब. कामाला निघण्याआधी मी चपला घालायच्या निमित्तानं खाली वाकायचो आणि ती रेघ बघायचो. बोटांनी मापायचो, कुणी नाही असं बघून.

कार्तिकात रेघ वीतभर. पौषात वीतभर. माघातही वीतभर. मनातल्या मनात मी ज्वारीचे दाणे मोजायचो, चाळीस झाले, पंचेचाळीस झाले, कोंब मांडीत असेल, गुडघ्याशी असेल. आणि कोंब आलाच नसेल तर? मी पुढे ढकललेल्या औषधानं सगळं जाळून टाकलं असेल तर? दवाखान्यात प्रत्येकाच्या कमरेवर मी इतका वेळ हाड चाचपायचो की एक म्हातारा म्हणाला, "हरवलं का काही तुमचं तिथं?"

फाल्गुनात आईनं विषय काढला. मी जेवत होतो, धाकटा शेतात. "पोरीचा पाय पह्यलेच अधू असन. लोनारवाल्यायनं लपवलं." मी घास गिळला. "अखाजीले येतीन तिचे वडील न्याले. गेली तं गेली. मंग आनाची नाई." अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मुली माहेरी जातात. झोके, गाणी, आंब्याचा रस. नंतर सासरचं माणूस आणायला जातं. ते माणूस गेलंच नाही, तर कुणाला काही बोलावं लागत नाही. भांडण नाही, पंचाईत नाही. नुसतं आणायला जायचं नाही.

"धाकट्याचं काय?" मी विचारलं.

"त्याले मी समजावतो. दुसरी करू. लंगडी बायको घेऊन शेतीचं घर चालते का?"

तिथंच सांगायचं होतं. ताटात अर्धी भाकरी होती. मी ती संपवली आणि हात धुतले.

तिचे वडील आले ते अखाजीच्या आधी तीन दिवस. ओसरीवर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली. "ईनबाई, पोरगी आमी धडधाकट देली होती," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमी औषधातले. तुमीच सांगा, तापानं असं होते?"

आई माझ्याकडे बघत होती. धाकटा खांबाला टेकून उभा होता.

"होतं कधी कधी," मी म्हणालो.

ते निघाले तेव्हा मी बोचकं उचललं. जड लागलं. माहेरी चार लुगडी न्यायची असतात. यात तिचा लग्नातला तांब्या होता, आरसा होता, कुंकवाचा करंडा होता. आईनं सगळं बांधून दिलं होतं. बाईला ते कळलं नसेल असं होत नाही. घरातून निघताना तिनं उंबऱ्याला हात लावला.

एस.टी.च्या थांब्यापर्यंत मी पोचवायला गेलो. वाटेत धुळीत तिच्या पावलामागे ती रेघ उमटत होती. मी मुद्दाम मागे चालत होतो. थांब्यावर तिचे वडील गाडीची चौकशी करायला पुढे गेले. मी बोचक्याशेजारी कॅप्सुल्यांची बाटली ठेवली आणि समोरच्या बाभळीकडे बघून म्हणालो, "म्हणावं, रोज एक. उन्हात ठेवू नका. बूच घट्ट लावा, हवा लागू देऊ नका."

पदराच्या आतून आवाज आला. भिंतीला नव्हे, आईला नव्हे. मला.

"म्या कोनाले सांगतलं नाई. तुमीच सांगा."

गाडी आली, ती चढली. उजवा पाय हातानं उचलून पायरीवर ठेवला.

घरी परत जाताना मी तीनदा वाटेत बसलो. शेवटी धाकट्याला शेतात गाठलं. तो वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, घासत होता. मी सांगितलं की सुई चुकीच्या जागी गेली, भोकातून नीट दिसलं नाही, नस दुखावली, ताप वगैरे काही नाही, पोरगी धडधाकटच होती. त्यानं पास खाली ठेवली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आठ महिने झाले, दादा," तो म्हणाला. "आठ महिने मी तिचा पाय हलवून राह्यलो. अन् तू तेल हुंगून राह्यला."

अखाजीच्या दुसऱ्या दिवशी तो लोणारला गेला आणि बायकोला घेऊनच आला. आईला त्यानं काय सांगितलं मला माहीत नाही. आईनं ते धोतर चुलीत घातलं आणि त्यावर मरेपर्यंत चकार शब्द काढला नाही.

तिच्या पावलाला त्याच आषाढात पहिल्यांदा मुंग्या आल्या, असं धाकट्यानं सांगितलं. रेघ वितीची चार बोटं झाली, मग दोन. पुढच्या दिवाळीनंतर एका सकाळी सारवणावर दोन्ही पावलं जवळजवळ सारखी होती, फक्त उजव्याच्या अंगठ्यापुढे नखानं ओरखडल्याएवढी खूण. ती खूण कायम राहिली. जीवनसत्त्वानं गुण आला, धाकट्याच्या हातांनी आला, की नस मुळातच थोडी दुखावली होती, हे मला आजही सांगता येत नाही. त्या कॅप्सुल्यांचे उपकार मानायला मला आवडलं असतं. म्हणजे माझ्या हातानंही काही वाचलं, असं झालं असतं.

धाकट्याला मी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं हे.

ती ओरडली तेव्हा सिरिंजमधलं अर्ध्याहून जास्त औषध आतच होतं. मला कळलं होतं. फुली काढलेली उशी डोळ्यांपुढे आली होती. सुई मागे घ्यायची, एवढंच करायचं होतं. पण मागे घेतली असती तर पुन्हा टोचावं लागलं असतं, पुन्हा भोक शोधावं लागलं असतं, आईला सांगावं लागलं असतं की चुकलं, आणि नीट टोचायला हात लावावा लागला असता. "झालं, झालं," असं म्हणत मी दट्ट्या शेवटपर्यंत दाबला. चूक धोतराची होती. हे धोतराचं नव्हतं.

आई गेल्या पावसाळ्यात गेली. धाकट्याचं घर आता शेजारीच आहे. तेरावं झाल्यावर एका दुपारी मी तिकडे गेलो. तो बाजारला गेला होता. भावसून सुपात ज्वारी निवडत होती. केस पिकलेत, पण मला बघून पदर ओढलाच, सवयीनं. मी दाराबाहेरच बसलो आणि बाहेरच्या कडुनिंबाकडे बघत वरचं सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलंय तसं, दट्ट्यापर्यंत.

सूप थांबलं होतं.

मग आयुष्यात दुसऱ्यांदा ती मला सरळ बोलली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"मले ठावं हाय. म्या वरडली तवा तुमचा हात थांबला होता. थांबला, अन् मंग पुढं गेला."

सुपातले दाणे पुन्हा वाजायला लागले. थोड्या वेळानं ती उठून आत गेली. फरशीवरून जाताना उजव्या पावलाचा आवाज डाव्याच्या किंचित मागून येत होता. एरवी मी तो ऐकलाच नसता. मी तिथंच बसून, आतून काही म्हणेल का, याची वाट बघत राहिलो.